डहाणू ते येवला : एका चौकोनातले समुद्र, आकाश आणि माती

नाशिक जिल्ह्याच्या पावसाचा हिशेब मांडायचा झाला, तर त्याची सुरुवात जिल्ह्याच्या हद्दीबाहेर, अरबी समुद्राच्या पृष्ठभागावर करावी लागते. जून ते सप्टेंबर या काळात विषुववृत्त ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळून वळणारे वारे समुद्रावरचे बाष्प घेऊन येतात, सह्याद्री चढताना थंड होतात आणि त्यातले बरेचसे बाष्प इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या डोंगराळ पट्ट्यातच पाऊस होऊन उतरते. त्यामुळे इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तेथून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर असलेल्या येवल्यात तो पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. हा प्रवास मात्र एकेरी नाही. वारा समुद्र ढवळतो आणि त्याला थंड करतो, ढग समुद्रावर सावली धरतात, भिजलेली माती हवेला बाष्प परत देते, आणि त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर, अरबी समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटरवर उगम पावणारी गोदावरी त्या समुद्राकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटरचा प्रवास करून आपले गोडे पाणी बंगालच्या उपसागरात सोडते. समुद्र, वातावरण आणि जमीन यांच्यात अखंड चाललेली ही देवाणघेवाण गणितात बसवणे हे गेल्या अर्धशतकातील विज्ञानाचे एक अवघड काम आहे. भारतातील या कामाचे महत्त्वाचे केंद्र नाशिकहून दोनशे किलोमीटरवर, पुण्याच्या पाषाण भागात, भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेत आहे.

हवामानाचे प्रारूप, म्हणजे मॉडेल, ही मुळात समीकरणांची एक मोठी जुळणी असते. हवेची हालचाल, उष्णतेचे वहन, बाष्पाचे थेंबांत होणारे रूपांतर यांचे भौतिक नियम माहीत असतात. पृथ्वीचा पृष्ठभाग आणि त्यावरची हवा यांची काल्पनिक जाळी कल्पून तिच्या प्रत्येक चौकोनासाठी हे नियम संगणकाकडून काही मिनिटांच्या टप्प्याने पुनःपुन्हा सोडवून घेतले जातात. समुद्राचे प्रारूप याच तत्त्वावर चालते, फक्त त्यात हवेच्या जागी खारे पाणी असते आणि त्याची चाल कितीतरी संथ असते. वातावरण काही दिवसांत आपली पूर्वस्थिती विसरते, समुद्राच्या वरच्या थराला महिने लागतात आणि खोल समुद्राला शतके. या तीन वेगळ्या काळगती एकाच गणितात नांदवायच्या असल्यामुळे वातावरणशास्त्रज्ञ आणि समुद्रशास्त्रज्ञ यांनी दीर्घकाळ आपापली प्रारूपे स्वतंत्रपणे चालवली. वातावरणाच्या प्रारूपाला समुद्राचे तापमान बाहेरून, निरीक्षणांच्या तक्त्यातून दिले जाई, आणि समुद्राच्या प्रारूपाला वारा तसाच बाहेरून दिला जाई.

ही दोन्ही प्रारूपे प्रथम एकत्र जोडली ती अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील भूभौतिक द्रवगतिकी प्रयोगशाळेत स्युकुरो मानाबे आणि कर्क ब्रायन यांनी, १९६९ मध्ये. त्यांच्या पृथ्वीवर खरे खंड किंवा खरे महासागर नव्हते. संगणकाची ताकद तोकडी असल्याने त्यांनी ग्रहाचा एक तुकडाच घेतला आणि त्यात सोपी आखीव जमीन व सोपा आखीव समुद्र मांडला. पुढे २०२१ चा भौतिकशास्त्राचा नोबेल पुरस्कार मानाबे यांना क्लाउस हासेलमान आणि जॉर्जो पारिसी यांच्यासमवेत मिळाला, त्यामागील कामात या जोडणीचाही वाटा होता. ती जोडणी दिसायला सोपी होती, पण तिने पुढच्या तीन दशकांसाठी एक चिवट अडचण उभी केली. स्वतंत्रपणे उत्तम चालणारी दोन प्रारूपे जोडली की त्यांच्या बारीक चुका एकमेकींना खतपाणी घालत, आणि काही दशकांच्या आभासी काळात समुद्र हळूहळू थंड किंवा उष्ण होत वास्तवापासून दूर सरकत असे. हे सरकणे थांबवण्यासाठी अनेक गटांनी समुद्र आणि हवा यांच्या सीमेवर उष्णता व पाणी यांची कृत्रिम भर घालण्याचा मार्ग धरला, ज्याला प्रवाह-दुरुस्ती म्हणत. आकडे त्यामुळे जुळत, परंतु ज्या सीमेवर निसर्गाचे खरे काम चालते तिथेच गणितात हात घातलेला असे, आणि म्हणून या उपायावर टीकाही झाली. गेल्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनच्या हॅडली केंद्रासारख्या संस्थांनी अशा दुरुस्तीशिवाय स्थिर राहणारी प्रारूपे तयार केली, आणि तेव्हापासून जोडणीच्या शास्त्राला खरी प्रतिष्ठा आली.

जोडणी करणाऱ्या आज्ञावलीला कपलर म्हणतात. ठरावीक अंतराने ती समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान वातावरणाच्या प्रारूपाला कळवते, आणि त्याच्याकडून वाऱ्याचा ओढा, सूर्यप्रकाश, बाष्पीभवनातून निघून गेलेली उष्णता व पावसातून आलेले गोडे पाणी यांचे आकडे समुद्राच्या प्रारूपापर्यंत पोहोचवते. दोघांच्या जाळ्या मात्र सारख्या नसतात. वातावरणाचे चौकोन मोठे असतात, समुद्राचे लहान आणि विषुववृत्ताजवळ आणखी बारीक. एका बाजूने दिलेली उष्णता आणि दुसऱ्या बाजूने घेतलेली उष्णता यांत कणभरही तफावत राहता कामा नये, कारण शंभर वर्षांच्या गणनेत तीच तफावत साचत जाऊन खोटे हवामान उभे करते. दोन शेतांमधला बांध दोन्ही मालकांच्या मोजणीत एकाच जागी यावा लागतो, तसा हा प्रकार आहे. म्हणून दोन्ही जाळ्या एकमेकींवर ठेवून, जिथे जिथे रेषा छेदतात तिथे लहान तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्याचा हिशेब वेगळा ठेवण्याची रीत रूढ झाली.

मान्सूनच्या बाबतीत ही जोडणी अनिवार्य का आहे, हे समजून घ्यायचे तर पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांच्या कामाकडे वळावे लागते. हार्वर्डहून परतल्यावर त्यांनी काही काळ पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत आणि नंतर आयुष्यभर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. मान्सून म्हणजे जमीन व समुद्र यांच्या तापमानातील फरकामुळे वाहणारा प्रचंड खारा वारा, ही शालेय पुस्तकांत रुजलेली कल्पना अपुरी असून तो विषुववृत्तीय मेघपट्ट्याचे ऋतूनुसार होणारे स्थलांतर आहे, ही मांडणी त्यांनी आणि डी. आर. सिक्का यांनी १९८० मध्ये उपग्रहांच्या चित्रांतील ढगांचा रोजचा मागोवा घेऊन पुढे नेली. त्यानंतर १९८४ मध्ये पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी मान्सूनच्या प्रदेशातील समुद्र आणि वातावरण यांच्या जोडणीचा थेट वेध घेतला. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २८ अंश सेल्सिअसच्या उंबरठ्याखाली असेल तर त्यावर उंच पावसाळी ढगांची मोठी व्यवस्था सहसा उभी राहत नाही. उंबरठा ओलांडल्यावर मात्र तापमान आणखी वाढले म्हणून ढग त्या प्रमाणात वाढतातच असे नाही. याचा अर्थ, समुद्र पुरेसा उष्ण असणे ही पावसाची अट आहे, हमी नव्हे. हिंदी महासागरात हा उंबरठा उन्हाळ्याच्या अखेरीपासून बहुतेक ठिकाणी ओलांडलेला असतो, त्यामुळे केवळ समुद्राचे तापमान पाहून पाऊस सांगणाऱ्या कोणत्याही पद्धतीला इथे लवकरच मर्यादा येते.

दुसरा धडा २००५ मध्ये मिळाला. बिन वांग आणि सहकाऱ्यांनी, ज्यांत जगदीश शुक्ला हेही होते, असे दाखवले की समुद्राचे तापमान बाहेरून पुरवलेली वातावरणाची एकेरी प्रारूपे आशियाई मान्सूनच्या प्रदेशात पाऊस आणि समुद्र यांचे नाते उलटे रंगवतात. प्रारूपांत समुद्र उष्ण झाला की पाऊस वाढतो. प्रत्यक्षात मात्र या भागात, बऱ्याचदा, ढग दाटले की सूर्यप्रकाश अडतो, वारा वाढतो, बाष्पीभवन वाढते आणि समुद्रच थंड होतो. वातावरण इथे समुद्राचे केवळ ऐकत नाही, त्याला घडवतेही. जुलैत चार-आठ दिवस पावसाने उघडीप दिली की बंगालच्या उपसागराचा पृष्ठभाग तापू लागतो, आणि पुढच्या पावसाळी फेऱ्याची तयारी तिथे सुरू होते. पाऊस परतला की तोच पृष्ठभाग पुन्हा निवतो. हे चढउतार एक ते दोन अंशांचे असतात, पण उंबरठ्याच्या आसपास तेवढे पुरतात. निफाडच्या सोयाबीन उत्पादकाला पावसातल्या ज्या खंडाची धास्ती असते त्या खंडाचे मूळ अशा रीतीने हजार किलोमीटरपलीकडील पाण्याच्या वरच्या काही दहा मीटर थरात असू शकते, आणि हा थर गणितात जिवंत ठेवायचा तर त्याला वाऱ्याशी जोडण्यावाचून मार्ग नाही.

दोन समुद्रांच्या वागण्यातील फरकाचा उलगडा गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सतीश शेणॉय, डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी २००२ मध्ये केला. मान्सूनचे वारे अरबी समुद्रावर इतके जोराने वाहतात की खालचे थंड पाणी वर येते, वरचे पाणी खोलवर मिसळते आणि समुद्र लवकर निवतो. बंगालच्या उपसागरात वारा तुलनेने सौम्य असतो आणि पाऊस व नद्या यांनी आणलेल्या गोड्या पाण्याचा हलका थर वर तरंगत राहतो; तो खालच्या थंड पाण्याला वर येऊ देत नाही, म्हणून पृष्ठभाग पावसाळ्यातही उबदार राहतो आणि कमी दाबाची क्षेत्रे तिथे एकामागून एक जन्म घेतात. या गोड्या थरात मोठा वाटा गंगा-ब्रह्मपुत्रेचा असला, तरी महानदी आणि गोदावरी यांचाही तो आहे. त्याच उपसागरातून पश्चिमेकडे सरकणारी कमी दाबाची क्षेत्रे मध्य भारतावर आली की अरबी समुद्रावरचे वारे जोर धरतात, आणि नाशिकच्या घाटमाथ्यावर संततधार लागते. उगमापाशी पडणारा पाऊस आणि मुखापाशी सांडणारे पाणी यांच्यात असा एक धागा आहे. तो बारीक आहे, त्याचे मोजमाप कठीण आहे, परंतु ज्या प्रारूपात नद्यांचे पाणी समुद्रात पोहोचत नाही त्यात तो मुळातच तुटलेला असतो.

भारतात या विचाराला संस्थात्मक बळ मिळाले ते केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०१२ मध्ये सुरू केलेल्या मान्सून मिशनमुळे. अमेरिकेच्या राष्ट्रीय पर्यावरण अंदाज केंद्राचे ‘सीएफएस’ हे जोडलेले प्रारूप त्यासाठी निवडण्यात आले आणि पुण्यात त्याच्या जाळीचे चौकोन सुमारे ३८ किलोमीटरपर्यंत बारीक करून ते मान्सूनच्या दृष्टीने घडवण्यात आले. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या हंगामी अंदाजात आज या प्रारूपाचा आधार घेतला जातो, आणि दर गुरुवारी प्रसिद्ध होणारा पुढील चार आठवड्यांचा विस्तारित अंदाजही अशाच जोडलेल्या प्रारूपांतून निघतो. शतकभराच्या हवामान-बदलाचा अभ्यास हे मात्र वेगळे काम होते. त्यासाठी पुण्याच्या संस्थेत २००९ मध्ये स्थापन झालेल्या हवामान-बदल संशोधन केंद्रात आर. कृष्णन, पी. स्वप्ना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच हंगामी प्रारूपाचे दीर्घकालीन प्रारूपात रूपांतर केले. काही महिन्यांसाठी बनवलेले यंत्र शेकडो वर्षे चालवले की जुना दोष उफाळून येई : समुद्र थंड होत जाई. समुद्राचा भाग बदलून, त्यात सागरी जीवसृष्टी व कार्बन यांचे चक्र घालून आणि वरून येणारी व परत जाणारी उष्णता यांचा ताळेबंद पुन्हा जुळवून, त्यांनी २०१५ मध्ये पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तिची सुधारलेली आवृत्ती जागतिक प्रारूप-तुलनेच्या सहाव्या फेरीत सहभागी झाली आणि आंतरसरकारी हवामान-बदल मंडळाच्या सहाव्या अहवालाला आधार पुरवणाऱ्या प्रारूपांत प्रथमच भारतातून आलेले प्रारूप बसले. याच केंद्राच्या पुढाकाराने २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय प्रदेशाच्या मूल्यांकन-अहवालात नोंदवले आहे की १९५१ ते २०१५ या काळात उन्हाळी मान्सूनचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला आणि ही घट गंगेच्या मैदानात व पश्चिम घाटात ठळक आहे, तर उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग त्याच काळात सुमारे १ अंशाने तापला. एकूण पाऊस घटत असताना मध्य भारतावरील व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्या, हे याच संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकारी यांनी २०१७ मध्ये दाखवले होते. एकूण पाण्याची तूट आणि एका दिवसातला पूर या दोन्हींशी ज्या जिल्ह्याचा एकाच हंगामात सामना होतो, त्याच्यासाठी या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचण्याजोग्या आहेत.

जोडणी म्हणजे काय, हे नाशिकला २०१९ या वर्षाने जितके स्पष्ट दाखवले तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या वर्षाने दाखवले असेल. त्या वर्षी एप्रिलमध्ये हवामान विभागाने देशासाठी सरासरीच्या ९६ टक्के पावसाचा अंदाज दिला होता आणि जूनने तो आशावादी ठरवला. देशभरात त्या महिन्यात ३३ टक्के तूट राहिली. त्याच सुमारास हिंदी महासागरात मात्र वेगळेच काही घडू लागले होते. सुमात्रा बेटाजवळचे पाणी थंड होऊ लागले, आफ्रिकेच्या बाजूचे तापू लागले, आणि विषुववृत्तावरचे वारे नेहमीच्या दिशेऐवजी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहू लागले. या स्थितीला हिंदी महासागराचा द्विध्रुव म्हणतात. १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी तिचे वर्णन केले. तिची सुरुवात समुद्र करतो की वारा, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, कारण थंड झालेले पाणी वाऱ्याला पश्चिमेकडे ढकलते आणि तोच वारा पूर्वेकडचे पाणी आणखी थंड करतो. दोघे मिळून ती स्थिती वाढवत नेतात. १९९७ मध्ये प्रशांत महासागरात प्रचंड एल निनो, म्हणजे तिथले विषुववृत्तीय पाणी असाधारण तापण्याची स्थिती, असूनही भारतात दुष्काळ पडला नाही, याच्या स्पष्टीकरणात याच द्विध्रुवाचे नाव घेतले जाते.

पुढे ऑगस्टमध्ये पाऊस सरासरीच्या वर गेला, सप्टेंबरमध्ये तर दीडपट झाला, आणि हंगाम ११० टक्क्यांवर संपला. चार ऑगस्टला गोदावरीला मोठा पूर आला, रामकुंडावरची मंदिरे पाण्याखाली गेली आणि पुराची उंची ज्याच्या पायापासून गळ्यापर्यंत मोजण्याची नाशिकची रीत आहे, त्या दुतोंड्या मारुतीकडे पुन्हा सगळ्या शहराचे डोळे लागले. देशातून मान्सूनच्या माघारीला सुरुवात झाली ती थेट ९ ऑक्टोबरला, नोंदींच्या इतिहासात सर्वांत उशिरा. माघारीनंतरही तापलेला पश्चिम समुद्र शांत झाला नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस ‘क्यार’ आणि त्यापाठोपाठ ‘महा’ ही दोन चक्रीवादळे अरबी समुद्रात उठली. ती नाशिकवर आली नाहीत, पण त्यांनी ओढून आणलेल्या आर्द्र हवेने जिल्ह्यात असा पाऊस झाला की ऑक्टोबर छाटणी झालेल्या बागांत फुलोऱ्यातच गळ आणि कूज सुरू झाली, डावणी रोगाने पाने व घड धरले, आणि कसमादे पट्ट्यातील, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव व देवळा भागातील, काढणीजवळ आलेल्या आगाप द्राक्षांचे मणी तडकले. शेतात उभा असलेला लाल कांदा आणि मका यांचीही तीच गत झाली. जूनमधली तूट, ऑगस्टमधला पूर आणि नोव्हेंबरमधले बागांचे नुकसान या पंचनाम्यांत तीन वेगळ्या आपत्ती म्हणून नोंदल्या गेल्या. त्यांतल्या शेवटच्या दोन्हींना समुद्राच्या एकाच स्थितीने हातभार लावला असावा, आणि तिचा अंदाज बांधायचा तर जोडलेली प्रारूपे लागतात.

इतके सांगितल्यावर या प्रारूपांची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. जागतिक तुलनेत सहभागी झालेल्या पुण्याच्या प्रारूपात वातावरणाच्या जाळीचा एक चौकोन सुमारे २०० किलोमीटरचा आहे. डहाणूच्या किनाऱ्यापासून येवल्यापर्यंतचे सरळ अंतर सुमारे १८० किलोमीटर भरते. अर्थात डहाणूची चिकूची वाडी, जव्हारचा डोंगर, इगतपुरीचा घाट, दिंडोरीची द्राक्षबाग आणि येवल्याचे कोरडवाहू रान हे सारे अशा एकाच चौकोनात मावतात, आणि त्या सर्वांना प्रारूप एकच पाऊस, एकच तापमान आणि एकच उंची देते. साल्हेर १५६७ मीटर उंच आणि कळसूबाई १६४६ मीटर. सरासरी काढली की सह्याद्रीची भिंत सपाट होऊन एक मंद चढ तेवढा उरतो, आणि ज्या चढावर नाशिकचे पाणी ठरते तोच गणितातून नाहीसा होतो. ही चूक शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. ती संगणकाच्या ताकदीशी केलेली तडजोड आहे. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, काळाचा टप्पाही निम्मा करावा लागतो, आणि काम साधारण आठपट वाढते. शेकडो वर्षांची गणना, तीही वेगवेगळ्या गृहीतकांसह पुनःपुन्हा करायची असेल, तर जाळी मोठी ठेवण्यावाचून इलाज नसतो.

कमी दिवसांच्या अंदाजाला ही अडचण कमी भासते. पुण्यात २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ आणि २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘अर्क’ हे महासंगणक बसले. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या गणिती क्रिया. त्यांच्या बळावर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने घडवलेली, ६ किलोमीटरच्या चौकोनांची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ २६ मे २०२५ रोजी देशाला अर्पण करण्यात आली. दोन-चार दिवसांत समुद्राचे तापमान फारसे हलत नसल्याने अशा अंदाजाचा भर वातावरणावर असतो. इगतपुरी आणि नाशिक शहर यांच्यामधले चाळीस किलोमीटर आता सहा-सात चौकोनांत विभागले जातात, आणि घाटाची भिंत गणितात पुन्हा उभी राहते. ही प्रगती मोठी आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

तरीही या सर्व उभारणीत एक अंग दुबळे राहिले आहे, ते म्हणजे जमीन. समुद्रासाठी प्रारूपात चाळीस-पन्नास थर असतात, वातावरणासाठी साठहून अधिक. मातीसाठी, पुण्याच्या प्रारूपात वापरल्या जाणाऱ्या ‘नोआ’ या भूभाग-प्रारूपात, चार थर आहेत : १०, ३०, ६० आणि १०० सेंटिमीटर जाडीचे, मिळून दोन मीटर. त्याखाली पाणी झिरपून हिशेबाबाहेर जाते. दख्खनच्या बेसॉल्टवर ही कल्पना कशी बसते, याचा विचार नाशिकच्या कोणत्याही विहीर खोदणाऱ्याला सुचेल. इथे वर काळी माती असते, जी भिजली की फुगते आणि वाळली की तिला हातभर भेगा पडतात; तिच्याखाली मुरूम, आणि मुरुमाखाली कातळ, ज्याच्या भेगा व सांधे यांतूनच पाणी चालते. एखाद्या ठिकाणी कातळ हातभर खोलीवर लागतो, शेजारच्या शिवारात तीस फुटांवर. पहिल्या पावसाचे पाणी भेगांतून थेट खाली उतरते, आणि माती फुगून भेगा मिटल्या की तोच पाऊस वरून वाहून जातो. मातीचे काही ठरावीक प्रकार आणि त्यांचे ठोकळ गुणधर्म यांच्या तक्त्यावर चालणाऱ्या प्रारूपाला हा बदल टिपता येत नाही.

सिंचनाची गोष्ट याहून गंभीर आहे. मार्च ते मे या महिन्यांत उपग्रहातून पाहिले तर निफाड आणि दिंडोरी तालुक्यांचे मोठे पट्टे हिरवे दिसतात, कारण शेततळ्यांतले, कालव्यांतले आणि विहिरींतले पाणी ठिबकातून द्राक्षवेलींच्या मुळांशी जात असते. प्रमाण प्रारूपात मात्र शेवटचा पाऊस ओसरल्यावर ही जमीन वाळत जाते, कारण तिला पाणी देणारा माणूस समीकरणांत नाही. ओल्या जमिनीची उष्णता बाष्पीभवनात खर्च होते आणि कोरड्या जमिनीची हवा तापवण्यात. म्हणजे पाटाचे पाणी हे हवामानातही हात घालते. मुंबईच्या आयआयटीतील सुबिमल घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दिशेने केलेले काम म्हणूनच मोलाचे आहे. सिंचनाच्या पद्धतीचा उत्तर भारतावरील सप्टेंबरच्या पावसावर कसा परिणाम होतो हे त्यांनी २०१९ मध्ये तपासले, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशव्यापी नदीजोड झाल्यास आधीच पाण्याची टंचाई असलेल्या काही भागांत सप्टेंबरचा पाऊस १२ टक्क्यांपर्यंत घटू शकतो, असा निष्कर्ष काढला. नाशिकच्या पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी पूर्वेकडे वळवण्याच्या योजना, नार-पार-गिरणा काय किंवा दमणगंगा-एकदरे-गोदावरी काय, त्या राष्ट्रीय आराखड्याच्या मानाने फार लहान आहेत, आणि त्यांच्यामुळे पाऊस बदलेल असे या अभ्यासावरून म्हणता येणार नाही. पण पाणी वळवण्याचा प्रत्येक मोठा प्रकल्प अहवाल पाऊस हा वरून ठरून आलेला, न बदलणारा आकडा मानून चालतो, आणि ही धारणा विज्ञानाच्या कसोटीवर उतरत नाही, एवढे तरी त्यावरून निश्चित म्हणता येते.

जमिनीचे अंग सुधारायचे तर ती मोजावी लागेल. पुण्याच्या संस्थेच्या आवारात मिलिंद मुजुमदार आणि सहकाऱ्यांनी २०१७ पासून मातीतील ओलावा मोजण्यासाठी वैश्विक किरणांवर आधारित यंत्रणा चालवली आहे. अवकाशातून येणारे किरण वातावरणात व जमिनीत वेगवान न्यूट्रॉन निर्माण करतात. पाण्यातील हायड्रोजन या न्यूट्रॉनांचा वेग झटकन कमी करतो, त्यामुळे माती जितकी ओली तितके जमिनीवरून परतणारे वेगवान न्यूट्रॉन कमी. जमिनीत खुपसलेली सळई एका बिंदूचा ओलावा सांगते, तर हे यंत्र भोवतालच्या काही हेक्टरांचा सरासरी ओलावा सांगते, आणि प्रारूपाच्या चौकोनाशी तुलना करायला हीच मोजणी उपयोगी पडते. नाशिक जिल्ह्यात अशा मोजणीसाठी लागणारी संस्थात्मक चौकट आहे : इगतपुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे विभागीय संशोधन केंद्र आहे, जिथून शेतकऱ्यांसाठी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो, आणि निफाडजवळ कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे, ज्याच्या हिवाळी तापमानाच्या नोंदी दरवर्षी वर्तमानपत्रांत झळकतात. अतिपावसाचा उतार आणि पर्जन्यछायेचे पठार यांची दोन टोके या दोन केंद्रांमुळे हाताशी आहेत. महासंगणकांवर होणाऱ्या खर्चाचा अगदी लहान अंश जरी अशा ठिकाणच्या मातीच्या आणि विहिरींच्या सातत्यपूर्ण मोजणीकडे वळला, तर सहा किलोमीटरच्या चौकोनाला त्याच्या बारकाईला शोभेल अशी जमीन मिळेल.

जमिनीच्या या हिशेबाला नाशिकमध्ये न्यायालयीन वजनही आहे. पैठणच्या जायकवाडी धरणात १५ ऑक्टोबरला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने लागू झाले, आणि उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये प्राधिकरणाची भूमिका मान्य केली. सोडलेल्या पाण्यापैकी किती पाणी नदीच्या कोरड्या पात्रात मुरेल आणि किती पैठणला पोहोचेल, यावर दोन्ही बाजूंचे वाद होतात. सप्टेंबरच्या मध्यावर मिळणारा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज आणि खोऱ्यातील जमिनीच्या ओलाव्याची विश्वासार्ह मोजणी हाती असेल, तर त्या वादाला निदान एक सामाईक आकडा तरी मिळू शकतो.

नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात येत आहेत, आणि वर वर्णन केलेल्या प्रत्येक प्रारूपाची तिथे वेगवेगळी परीक्षा आहे. एप्रिलचा हंगामी अंदाज प्रशांत व हिंदी महासागरांच्या स्थितीवरून देशाचा हंगाम कसा जाईल एवढे सांगू शकेल. एखाद्या तारखेचा पाऊस सांगणे त्याच्या आवाक्यात नाही. दर गुरुवारचा अंदाज पर्वणीच्या दोन-तीन आठवडे आधी पाऊस जोरात असण्याची शक्यता अधिक की उघडीप असण्याची, याचा कल दाखवेल. सहा किलोमीटरचे प्रारूप दोन-तीन दिवस आधी घाटमाथ्यावरच्या पावसाचे प्रमाण बांधू शकेल. गंगापूर धरणाचे पाणलोट क्षेत्र साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे त्या प्रारूपाचे जेमतेम दहा चौकोन. पाऊस एका चौकोनाने पूर्वेला सरकला तरी रामकुंडावरचे चित्र बदलते, कारण धरणातून सोडलेले पाणी शहरात पोहोचायला काही तासच लागतात आणि धरणाखाली पडलेला पाऊस तर थेट पात्रात येतो. जुलैअखेर त्र्यंबककडच्या उतारांवरची माती पूर्ण भिजलेली असेल, तर तेवढ्याच पावसाचा पूर मोठा होईल. मातीत जागा असेल, तर तो कमी होईल. त्या दहा चौकोनांतली माती किती ओली आहे हे प्रारूपाला आज तक्त्यांवरून आणि स्वतःच्याच मागील गणनेवरून गृहीत धरावे लागते, आणि ते गृहीत तपासून पाहण्यासाठी मोजणी त्याच उतारांवर, पाऊस सुरू होण्यापूर्वी बसलेली असावी लागते.